कुंदाकाकूंचं विरजण

"करंगळी काढ त्या दुधातून," मनवा दबक्या आवाजात म्हणाली. "ती बाई बघतेय."

मी काढली नाही. अजून चटका बसत होता. चटका बसायचा थांबला आणि नुसती ऊब राहिली की मगच विरजण घालायचं, असं आईने मला तीनतीनदा बजावलं होतं. रोममधल्या त्या हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात मी दुधाच्या पातेल्यात बोट घालून उभी होते आणि दारात हाताची घडी घालून मालकीणबाई उभ्या होत्या.

दूध कोमट झाल्यावर मी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात पंच्याचा एक तुकडा होता, वाळून पापडासारखा कडक झालेला. तो मी दुधात सोडला.

मालकीणबाईंना आता राहवलं नाही. त्या पुढे आल्या, दुधात भिजणाऱ्या फडक्याकडे बघितलं आणि अगदी समजुतीच्या सुरात इंग्रजीत म्हणाल्या, "कपडे धुवायला खाली मशीन आहे."

मनवा हसून हसून ओट्यावर पडली.

मनवा माझी ऑफिसमधली मैत्रीण. दोघींनी दोन वर्षं सुट्ट्या साठवून, स्वस्तात स्वस्त विमान शोधून, पाठीवर एकेक सॅक टाकून ही इटली काढली होती. हॉस्टेलमध्ये एका खोलीत आठजणी, दुपारी उभ्या उभ्या पिझ्झाचा तुकडा, पाणी रस्त्यावरच्या नळांचं. कलोसियम आम्ही बाहेरून प्रदक्षिणा घालून बघितलं. "आतून तरी काय, दगडच की," असं मनवा म्हणाली आणि मीही मान डोलावली, कारण आतल्या तिकिटात फ्लॉरेन्सचा एक दिवस निघत होता. मनवा बोलोन्याहून परत जाणार होती. मी पुढे एकटी त्रिएस्तेला, ऋजुताकडे.

आणि ते फडकं ऋजुतासाठी होतं.

कऱ्हाडच्या शिक्षक कॉलनीत आमची आणि ऋजूची दारं समोरासमोर. तिची आई कुंदाकाकू मुलींच्या शाळेत गणित शिकवायची, वडील वसंतकाका हायस्कूलमध्ये भूगोल. ऋजू समुद्राच्या प्रवाहांवर संशोधन करायला इटलीला गेली, तेव्हा काकांनी वर्गातला जुना पृथ्वीगोल घरी आणला आणि दिवाणखान्यात ठेवला. त्रिएस्तेवर त्यांनी पेनाने एक ठिपका काढला होता.

मग आदल्या ऑगस्टमध्ये काकू गेल्या. ताप आला, न्यूमोनिया झाला, सांगलीला हलवलं, व्हेंटिलेटर लागला. हे सगळं चाललेलं असताना ऋजूचा प्रबंध सादर व्हायचा होता. काका तिला रोज फोनवर सांगत राहिले, आई झोपलीय, आई देवळात गेलीय, आईचा घसा बसलाय. बरं वाटलं की बोलेलच, तोवर पोरीचं चार वर्षांचं काम कशाला बुडवायचं, असा त्यांचा हिशेब. कॉलनीत सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. मी पुण्याला असायची. मलाही कुणी कळवलं नाही, कारण मी ऋजूला सांगितल्याशिवाय राहिले नसते. ऋजूची परीक्षा झाली, तिने आनंदाने फोन केला, आणि त्या फोनवर काकांनी तिला सांगितलं. तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

त्या दिवसापासून ती काकांशी बोलली नव्हती. फोन उचलायची नाही. आम्हा सगळ्यांनाच नुसता अंगठा पाठवायची. जेवलीस का? अंगठा. बरी आहेस ना? अंगठा.

निघायच्या आधी मी कऱ्हाडला जाऊन आले होते. काका दारातच भेटले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"काका, ऋजूला काही द्यायचंय?"

"काही नाही गं." ते चप्पल घालता घालता थांबले. "तिथे आता वारा असेल. कान झाकून फिर म्हणावं." मग लगेच म्हणाले, "नको, माझं नाव नको काढूस. उगीच तुझ्यावर चिडेल."

आमच्या घरात आले तर आई खिडकीत फडकं वाळत घालत होती.

"हे कुंदाचं विरजण," ती म्हणाली. "जुलैत तिच्याकडून वाटी आणली होती, तेव्हापासून एक दिवस मोडू दिलं नाही मी. दह्यात भिजवून सावलीत वाळवलंय. गरम दुधात टाकलंस की लागेल. पण असं वाळलेलं फार दिवस राहत नाही, तेव्हा उतरलीस की आधी लावून घे आणि मग रोज नव्या दुधात."

"आई, मी फिरायला चाललेय."

"मग फिर की. दही काय तुझे पाय धरून बसणारेय?" तिने फडक्याची घडी घातली. "ऋजूला एवढंच सांग, तुझ्या आईच्या हातचं आहे. बाकी काही बोलू नकोस. समजवायला तर अजिबात जाऊ नकोस."

मी ते घेतलं, कारण काकूंचं दुसरं काहीच उरलं नव्हतं. साड्या नातेवाइकांनी वाटून घेतल्या होत्या. काकांनी दूधवाला बंद केला होता, फ्रीज भाच्याला देऊन टाकला होता, जेवणाचा डबा बाहेरून येत होता. समोरच्या दारातलं ते स्वयंपाकघर बंदच झालं होतं म्हणा ना.

रोममध्ये पहिल्याच दिवशी दही लागलं. जरा तार सुटली, पण लागलं. मी ते स्टीलच्या छोट्या डब्यात भरलं, झाकणाला दोन रबरबँड लावले.

"मुलगा की मुलगी?" मनवाने विचारलं.

तेव्हापासून त्याचं नाव बाळ पडलं. बाळ झोपलं का, बाळाला ऊन लागतंय, बाळाची अंघोळ झाली असेल तर आपण व्हॅटिकनला निघू या का. मला राग यायचा आणि हसूही यायचं. पण खरं सांगायचं तर मी त्या डब्याला जपत होते. बसमध्ये सॅक मांडीवर. पायऱ्या उतरताना हात खाली. जिथे जाईन तिथे आधी फ्रीज कुठाय बघायचं, मग खिडकीतून दिसतंय काय ते बघायचं.

फ्लॉरेन्सच्या हॉस्टेलमध्ये चूलच नव्हती. स्वयंपाक करायला मनाई. दूध तापवायचं कुठे? मी हवालदिल झाले. मनवाने माझा हात धरला आणि मला कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात नेलं. तिथल्या गड्याला तिने खुणेने सांगितलं, नुसतं दूध, गरम, कॉफी नको. त्याने वाफेच्या नळीखाली धरून फेसाळतं दूध दिलं. मी टेबलापाशी बसले आणि सवयीने करंगळी बुडवली.

गडी लांबून बघत होता. थोड्या वेळाने तो आला, आमच्या आजूबाजूला, टेबलाखाली शोधक नजरेने बघितलं आणि हाताने पाळण्यासारखं करून विचारलं, बांबिनो?

"सी, सी," मनवा म्हणाली. "हॉस्टेलवर झोपलंय." हे मराठीत.

त्याने पैसे घेतले नाहीत. वर एक बिस्किट दिलं, बाळासाठी. ते मनवाने खाल्लं.

चित्रांच्या संग्रहालयात सॅक आत न्यायची नव्हती. बाहेर सामान ठेवायच्या खोलीत ठेवा म्हणाले. त्या खोलीत रेडिएटर रटरटत होता. मी मनवाला म्हटलं, "तू जाऊन ये, मी नदीवर बसते." ती आत गेली आणि मी आर्नोच्या कठड्याशी सावलीत डबा घेऊन बसले. मार्चचं कोवळं ऊन, पाण्याचा मातकट हिरवा रंग, पुलावरची ती छोटीछोटी दुकानं. त्या सगळ्या प्रवासातलं मला सगळ्यात स्वच्छ काय आठवत असेल तर ती दुपार. काही न बघता बसलेली.

बोलोन्याच्या गाडीत घात झाला. ब्रेक लागला, वरच्या फळीवरची कुणाचीतरी बॅग माझ्या सॅकवर पडली, डब्याचं झाकण वाकलं आणि सगळं दही माझ्या स्वेटरमध्ये मुरलं. मी डबा उघडून बसले. तळाशी काही नव्हतं.

स्टेशनच्या फलाटावरून आईला फोन लावला. मला रडू येत होतं.

"कडेला लागलंय का थोडंसं?" आईने विचारलं.

"कडेला म्हणजे, पुसून घेतलं तर थेंबभर."

"मग रडतेस कशाला? थेंबाने लागतं. डबा धुऊ नकोस म्हणजे झालं. त्यातच दूध ओत."

बोलोन्याच्या खोलीत गारठा होता. खिडकी नीट लागत नव्हती. मी डबा मफलरमध्ये गुंडाळला तरी धीर होईना. मनवाने एक शब्द न बोलता स्वतःची लोकरी टोपी काढली, डब्याला घातली, कानांवरच्या पट्ट्या खाली बांधल्या आणि तो माझ्या पांघरुणात सारला. सकाळी मी झाकण उघडायलाच तयार नव्हते. तिनेच उघडलं.

"जगलंय," ती म्हणाली. "अशक्त आहे पण जगलंय."

पातळ होतं, पण दही होतं.

स्टेशनवर निरोप घेताना ती थट्टेच्या सुरात नव्हती. "गौतमी, एक विचारू? दही तिकडे पण मिळतं. आणि ती मुलगी अंगठे पाठवते. तिने नको म्हटलं तर?"

"तर मी खाईन," मी म्हटलं. पण तो विचार मी रोमपासून करत होते.

"टोपी ठेव," ती म्हणाली. "बाळाला असू दे."

मेस्त्रेला गाडी बदलून त्रिएस्तेला पोचले तेव्हा संध्याकाळ होत आली होती. शेवटचा अर्धा तास रूळ समुद्राला अगदी लागून जातात; खाली पाणी, वर पांढरे खडक. ऋजू फलाटावर होती. केस कानापर्यंत कापलेले, कोट दोन मापं मोठा वाटेल इतकी बारीक झालेली.

"गौते! एवढीशी सॅक? तुझी आई तुला चकलीच्या डब्याशिवाय सोडतेच कशी?"

ती खूप बोलत होती. चौक दाखवत होती, तीन बाजूंनी इमारती आणि चौथ्या बाजूला सरळ समुद्र. वाऱ्याबद्दल सांगत होती. बोरा म्हणतात त्याला, डोंगरावरून येतो, माणसं दिव्याच्या खांबाला धरून उभी राहतात. मी तिच्याकडे बघत होते. मला पहिल्यापासून ही सवय, माणूस काय बोलतंय त्यापेक्षा ते बोलताना हात कुठे आहेत ते बघायची. तिचे हात खिशातच होते.

तिचं घर चौथ्या मजल्यावर. स्वयंपाकघरात कॉफी, बिस्किटं, तांदळाची एक मोठी पिशवी आणि फ्रीजमध्ये एक लिंबू.

"घरून थोडंसं..." मी सॅकची चेन उघडायला लागले.

"काही आणलं असशील तर नको." ती तितक्याच हसऱ्या आवाजात म्हणाली. "खरंच नको. लाडूबिडू काही असेल तर उद्या इन्स्टिट्यूटमध्ये वाटून टाकू."

मी चेन लावली. तिच्या टेबलावर फोन थरथरला. पडद्यावर 'बाबा'. तिने तो उलटा करून ठेवला आणि मला विचारलं, "पास्ता चालेल ना?"

दुसरा दिवस तसाच गेला. तिने मला किल्ला दाखवला, दीपस्तंभ दाखवला. पाहुण्यांना दाखवतात तसं नीट दाखवलं. आईचं नाव तिने काढलं नाही, मीही काढलं नाही. ती कामावर जाऊन आली त्या वेळात मी गुपचूप दूध आणून, तापवून डबा पुन्हा लावला. तिच्या घरातही गारठाच होता. दही पुन्हा पातळ झालं, आधीपेक्षाही.

तिसऱ्या दिवशी बोरा सुटला. खिडक्या थडथडत होत्या, खाली कचऱ्याचे डबे रस्त्यावरून गडगडत चालले होते. बाहेर पडायची सोय नव्हती. दुपारी आम्ही जेवायला बसलो, नुसता भात आणि तिने केलेलं पातळ वरण. फोन थरथरला. तिने उलटा केला. पुन्हा थरथरला.

"कान झाकून फिर," मी म्हणून गेले.

"काय?"

"काही नाही."

"त्यांनी सांगितलं ना तुला?" तिने चमचा खाली ठेवला. "तुझ्या आईला माहीत होतं, गौते. शाळेतल्या शिपायाला माहीत होतं. दूधवाल्याला माहीत होतं माझी आई सांगलीला आहे ते. मी रोज विचारायचे, आई कुठाय? देवळात गेलीय. आई आयुष्यात देवळात गेली नाही! एवढंसुद्धा मला कळू नये? मी इथे बसून तक्ते करत होते. माझे तक्ते महत्त्वाचे होते."

समजवायला जाऊ नकोस, आईने सांगितलं होतं, आणि समजवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंच. मी उठले, सॅकमधून डबा काढला, टोपी सोडली आणि तिच्यापुढे ठेवला.

"हे काय?"

"काकूंच्या हातचं विरजण. आईने जुलैत तुमच्याकडून नेलं होतं, तेव्हापासून चालू ठेवलंय. मी रोमपासून लावत लावत आणलंय."

ती त्या डब्याकडे बघत राहिली. वारा खिडकीवर आपटत होता. मग तिने झाकण काढलं, चमचाभर दही भातावर घेतलं, मिठाची चिमूट टाकली, कालवलं आणि एक घास घेतला.

आणि हसायला लागली. आधी नाकातून, मग मोठ्याने, मग डोळे पुसत.

"आईच्या हातचं?" ती म्हणाली. "गौते, माझ्या आईला दही कधी लावता आलं? दूध उकळतं असतानाच विरजण घालायची ती. दोन मिनिटं थांबायला धीरच नसायचा. नुसतं फाटायचं. दही बाबा लावायचे."

"वसंतकाका?"

"रोज. बातम्या संपल्या की. दार लोटून घ्यायचे. पुरुषमाणूस दही लावतो म्हटल्यावर कॉलनीतल्या बायका हसल्या असत्या ना. सगळ्या म्हणायच्या, कुंदाताईंचं दही कसं सुरीने कापावं असं. आणि आई खुशाल मान डोलवायची." तिने आणखी एक घास घेतला. "हे बाबांचंच आहे. हा आंबटपणा त्यांचाच. पण पातळ का झालंय एवढं?"

"थंडी आहे. लागतच नाहीये नीट."

"थंडीत ते काहीतरी करायचे." ती डब्याकडे रोखून बघत होती. "डिसेंबरात पण घट्ट व्हायचं आमच्याकडे. कुठेतरी ठेवायचे ते डबा. कुठे गं? मी रोज बघायचे. मी तिथेच अभ्यासाला बसायचे आणि ते..." तिने कपाळावर मूठ दाबली. "मला आठवत का नाहीये?"

"आईला विचारू का?"

"शैलाकाकूंना काय माहीत असणार?"

ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. फोन उलटा पडला होता तो तिने सुलटा केला. थरथरायचा थांबला होता. तिनेच नंबर लावला आणि फोन टेबलावर डब्याशेजारी ठेवला, स्पीकर लावून.

एकच रिंग झाली.

"ऋजू?"

पलीकडून कुकरच्या शिट्टीचा आवाज आला, तो आमच्याच घरातला असणार, कारण काका कुकर लावत नव्हते. संध्याकाळचं जिन्यात उभे असतील.

"ऋजू, बाळा, ऐकू येतंय का?"

"थंडीत दह्याचा डबा कुठे ठेवायचात तुम्ही?" तिने विचारलं.

पलीकडे कुकरची दुसरी शिट्टी झाली.

"काय म्हणालीस?"

"दही. थंडीत. लागत नाहीये इथे."

"कणकेत," काका म्हणाले. त्यांनी खाकरून पुन्हा सांगितलं. "कणकेच्या डब्यात पुरायचा. गळ्यापर्यंत. कणीक ऊब धरते."

"कणीक नाहीये."

"तांदूळ आहेत?"

"आहेत."

"मग तांदळात. आणि दूध कितपत गरम घेतेस?"

"करंगळी बुडवून," मी मधेच बोलले.

"कोण, गौतमी का? थंडीत करंगळी नाही चालत गं. थोडं जास्त लागतं. बोट पटकन काढावंसं वाटलं पाहिजे, पण काढू नये, इतकं." मास्तरांचा आवाज आला होता आता. "आणि लावल्यावर हलवायचं नाही. सारखं झाकण उघडून बघायचं नाही. ऋजू, तुझ्या आईची तीच खोड..."

ते थांबले. ऋजूने टेबलाची कड धरली होती.

"विरजण कुठलं आहे?" त्यांनी हळूच विचारलं. "तिथलं विकतचं असेल तर मग नाही लागत."

"आपलंच आहे," ऋजू म्हणाली. "तुमचं आहे. शैलाकाकूंनी सांभाळलं."

मी उठून दुसऱ्या खोलीत गेले आणि दार लोटलं. भिंतीपलीकडून बोलण्याचा आवाज येत होता, आधी तुटक, मग तिचा चढलेला, तिने त्यांना सोडलं नाही, सगळं विचारलं, देवळाचंसुद्धा. मग खूप वेळ त्यांचाच आवाज. मग तिचं रडणं, तोंडावर हात न ठेवता, लहान असताना जिन्यात पडली की रडायची तसं. वारा होता म्हणून शेजारच्यांना ऐकू गेलं नसेल.

संध्याकाळी आम्ही डबा तांदळाच्या पिशवीत पुरला. तिने मला एकदाही झाकण उघडू दिलं नाही. सकाळी तिने चमचा उभा रोवून दाखवला. उभा राहिला.

मी परत निघाले त्या दिवशी आईचा फोन आला.

"आज दार वाजलं," ती म्हणाली. "बघते तर वसंतराव. दाढी केलेली. हातात रिकामी वाटी. म्हणाले, शैलाताई, थोडं विरजण मिळेल का?"

"मग?"

"मग काय? वाटी भरून दिली. दूधवाल्याला पण सांगितलं उद्यापासून अर्धा लिटर समोर म्हणून."

या गोष्टीला आता नऊ वर्षं होतील. ऋजू त्रिएस्तेतच आहे. काका दर हिवाळ्यात तिच्याकडे जातात आणि तिथलं दही कणकेत ठेवायचं की तांदळात यावर दोघं फोनवर माझं मत मागतात. मनवाची टोपी माझ्याकडेच राहिली; यंदाच्या थंडीत ती कानांवरच्या पट्ट्या घट्ट बांधून माझ्या मुलाला घातली.

तो सात महिन्यांचा आहे. मी त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघते, रोज, कितीतरी वेळा. आई सध्या पुण्याला आमच्याकडे आहे. परवा त्याला पहिला दहीभात द्यायचा होता म्हणून मी दूध तापवून करंगळी बुडवली आणि इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं.

"आई, दही काका लावायचे हे तुला माहीत होतं?"

"न माहीत असायला काय झालं? वाटी हातात कुंदा द्यायची, पण 'दूध फार तापवू नका' हे आतून वसंतराव सांगायचे."

"मग मला कुंदाकाकूंचं म्हणून का दिलंस?"

"वसंतरावांचं म्हटलं असतं तर तिने झाकण तरी उघडलं असतं का?" ती बाळाचं लाळेरं बांधत म्हणाली. "आईचं म्हटल्यावर उघडणार. खाल्ल्यावर कुणाचं ते तिचं तिला कळणार. त्या दह्यावरच तर वाढली ती."

"मला तरी खरं सांगायचंस. मी तो डबा अख्ख्या इटलीभर..."

"तुला सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं." तिने माझ्या हाताकडे बघितलं. "काढ आता करंगळी. निवलं ते."